जुनी कुत्री भांड्यापाशी आणि माझ्यापाशी नव्या कुत्र्याला फिरकू देत नाही, गुरगुरते. काय करावं?

गुरगुरली म्हणून तिच्यावर ओरडू नका. आजपासूनच बंद करा. बाकीचं सावकाश वाचा.

तुम्ही लिहिलंय की कुत्री ५ वर्षांची आहे आणि नवा कुत्रा ११ महिन्यांचा. ती खात असताना तो नुसता जवळून गेला तरी गुरगुरते, खेळण्याला तोंड लावू देत नाही, आणि तुम्ही सोफ्यावर बसलात की तुमच्या पायाशी आडवी पडून त्याला अडवते. घरातले म्हणतात दटावा, ओळखीचे म्हणतात त्यांचं त्यांना मिटवू द्या. आधी कुणाला वाढायचं हेही विचारलंयत. आणि शेवटी कंसात टाकलंयत, ‘तशी ती माझं रक्षण करते याचं बरंही वाटतं.’ खरं सांगतो, त्या कंसामुळे मी लिहायला बसलो. मलाही अगदी तसंच बरं वाटायचं.

आमची चिंगी सहा वर्षांची असताना ढब्बू आला. तो वर्षाचा, अंगाने तिच्या दीडपट आणि डोक्याने पिल्लू. पहिल्या आठवड्यातच चिंगी माझ्या खुर्चीखाली मुक्काम ठोकून बसायला लागली. ढब्बू माझ्या दिशेने निघाला की खालून घर्रर्र. घरी कोणी आलं की मी कौतुकाने सांगायचो, ‘बघा, माझ्या अंगाला कुणाला हात लावू देत नाही.’ पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर रोज घडत होती आणि मला दिसत नव्हती. मी खुर्चीतून उठून दुसऱ्या खोलीत गेलो की ती लगेच शांत. ढब्बू तिथेच उभा असायचा, ती त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. रक्षण करत असती तर माझ्यामागे आली असती की! ती मला राखत होती, जसं चघळायचं हाड राखतात तसं. माझी किंमत त्या हाडाइतकी होती. कमी नाही, पण जास्तही नाही.

हे मला तेव्हा कळलं नाही, कारण तेव्हा आमच्या घरी दादाचा शब्द चालायचा. माझा थोरला भाऊ. लहानपणापासून कुत्री त्याने पाळली, मी नुसती खेळवली. तो आला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ‘हिला कळू दे मालक कोण आहे ते.’ वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी केली, रबर लावलं, आणि चिंगी गुरगुरल्याबरोबर तिच्या पाठीवर एक ठेवून दिली. चिंगी गप्प. दादाने गुंडाळी फ्रिजवर ठेवली आणि मला म्हणाला, ‘हात आखडू नकोस.’

मी आखडला नाही. जवळजवळ तीन महिने. गुरगुरली की गुंडाळी. पुढेपुढे मारावंही लागत नव्हतं, फ्रिजच्या दिशेने हात गेला की ती थांबायची. मग गुरगुरणं पूर्णच बंद झालं. मी दादाला फोन करून सांगितलं, ‘झालं रे, सुधारली.’

सुधारली नव्हती. ढब्बू खोलीत आला की ती भांड्यावर मान खाली घालून थिजायची, घास चावणंसुद्धा थांबायचं. किंवा उलट, गपागप गिळायला लागायची. डोकं हलवायचं नाही, फक्त डोळे त्याच्याकडे वळायचे आणि कडेचा पांढरा भाग दिसायचा. मी याला ‘शिस्त लागली’ म्हणत होतो. कुत्र्याच्या भांडणाला पायऱ्या असतात. आधी अंग ताठ होतं, मग ओठ उचलला जातो, मग गुरगुर, मग हवेत चावा, आणि शेवटी खरा चावा. मी मधली पायरी उखडून टाकली होती आणि जिना अजून तेवढाच उंच होता.

रविवारची दुपार. मी सोफ्यावर आडवा होऊन वाचत होतो. सकाळचं अर्धवट चघळलेलं हाड सोफ्याखाली राहिलं होतं, आणि ते तिथे आहे हे घरात एकट्या चिंगीला माहीत होतं. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. ढब्बू आला, डोकं खाजवून घ्यायला माझ्या हाताखाली शिरला. आवाज आला नाही. काहीच आवाज आला नाही, हे मी अजून सांगतो तेव्हा लोकांना खोटं वाटतं. एकदम दोघं एकमेकांत गुंतलेले, आणि ढब्बूचं किंकाळणं.

मग मी तो मूर्खपणा केला जो सगळे करतात. हात घालून चिंगीचा पट्टा धरला. त्या क्षणी कुत्र्याला हात कोणाचा हे कळत नाही, जे मधे येतं त्याला चावा बसतो. अंगठ्याच्या बुडाशी दोन दात रुतले. बायकोने पलंगावरची जाड चादर ओढली आणि दोघांवर टाकली, अंधार झाल्यावर क्षणभर पकड सुटली, तेवढ्यात तिने ढब्बूला मागून खेचून दाराबाहेर काढलं. (चादर, पाण्याची बादली, मधे सरकवायला फळी किंवा खुर्ची, जोरात आपटलेलं पातेलं. हे चालतं. हात चालत नाही.)

हाताला साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धरला, मग डॉक्टर, मग इंजेक्शनं. पाळीव आहे, लस दिलीय, म्हणून हे टाळू नका, काय घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. ढब्बूचा कान फाटला होता, तो शिवला. पण खरा त्रास मानेला झाला. वर केसांत दिसेल न दिसेल एवढं भोक, आणि आत कातडी मांसापासून सुटलेली. तिसऱ्या दिवशी तिथे पू धरला. भांडण झालं की केस बाजूला करकरून सगळं अंग चाचपा, रक्त दिसो वा न दिसो.

आता जे मला सांगायला आवडत नाही ते. व्हेटने ढब्बूला टाके घालून झाल्यावर विचारलं, ‘आणि तिला तपासलंत का?’ आम्ही चिंगीला घेऊन गेलो. तिच्या वरच्या मोठ्या दाढेला तडा होता, आतली नस उघडी. किती दिवसांचा ते सांगता येईना, पण ताजा नव्हता. तोंडात ठणका असलेली कुत्री तिच्या भांड्याजवळ दांडगा गडी येऊ नको म्हणत होती, आणि मी तिला वर्तमानपत्राने मारत होतो.

दाढ काढली. गुंडाळी मी त्याच दिवशी फेकली.

दादाला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, ‘तू तिला डोक्यावर चढवून ठेवलंस. सोफ्यावर बसवायचं, मांडीवर घ्यायचं, मग काय होणार? लांडग्यांच्या टोळीत बघ, एक म्होरक्या असतो.’ यावर आमचं पाच वर्षं चाललंय, त्यामुळे माझं पाठांतर तयार आहे. म्होरक्याची ती कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासातून आली. ते लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या पुस्तकात ती कल्पना उचलली आणि तिथून ती सगळीकडे गेली. मग त्याच मेक यांनी जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून १९९९ मध्ये लिहिलं की टोळी म्हणजे साधं कुटुंब असतं. आईबाप आणि त्यांची पोरं. गादीसाठी मारामाऱ्या वगैरे नसतात. स्वतःचं जुनं पुस्तक छापू नका म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. आणि दादा, तुझ्यासाठी खास: लांडग्यांमध्ये तोंडाजवळचं खाणं ज्याचं त्याचं असतं, लहानथोर न बघता, आणि धाकटासुद्धा ते राखतो. म्हणजे तुझ्या लांडग्यांच्या कायद्यानेही चिंगीचं बरोबर होतं.

‘त्यांचं त्यांना मिटवू द्या’ म्हणणाऱ्यांनाही तेच. मिटत नाही. दर खेपेला तिला कळतं की जोर लावला की तो मागे हटतो, त्याला कळतं की ही खोली धोक्याची आहे, आणि पुढच्या खेपेला दोघं आधीच ताठ होऊन येतात.

तर तुमचा प्रश्न. आधी कुणाला वाढायचं याने काडीचा फरक पडत नाही, मधे बंद दार असू द्या म्हणजे झालं. दोघांची भांडी वेगळ्या खोल्यांत, खाऊन झालं की भांडी उचलायची, आणि मगच दार उघडायचं. रिकामं भांडंसुद्धा राखलं जातं. चघळायच्या वस्तू फक्त दाराआड. खेळणी जमिनीवरून उचला. सोफ्याखाली, पलंगाखाली रोज हात फिरवा, माझं हाड आठवून. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी. अरुंद बोळात किंवा दारात दोघं एकदम अडकणार नाहीत असं बघा. आमच्याकडे निम्मं काम एवढ्यानेच झालं आणि यात शिकवणं काहीच नाही, आळशी माणसालाही जमतं.

सोफ्यावर ती तुम्हाला राखायला लागली की बोलायचं नाही, कुरवाळायचं नाही, उठून चालू पडायचं. रागाने नाही, पाणी प्यायला उठल्यासारखं. राखायला काही उरतच नाही. तुम्हाला वाईट वाटेल, मलाही वाटायचं. तेवढं ‘माझी राखणदार’ हे सुख सोडावं लागतं.

शिकवण्याचा भाग असा. दोघांमध्ये एवढं अंतर ठेवा की तिला तो दिसतोय पण ती सैल आहे. तो पट्ट्यावर, दुसऱ्या माणसाकडे. भांडं, हाड, खेळणं काही नाही. तो दारात दिसला की तिला उकडलेल्या चिकनचे तुकडे, एकामागून एक. तो दिसेनासा झाला की चिकन बंद. पावलोव्हच्या कुत्र्यांची गोष्ट (आधी घंटा, मग खाणं, आणि पुढे नुसत्या घंटेनेच लाळ) सगळ्यांना पाठ असते पण क्रम विसरतात. आधी ढब्बू, मग चिकन. आधी चिकन दाखवून मग ढब्बूला आणलात तर चिकन दिसताच ती शंका घ्यायला लागेल. दोनतीन मिनिटं, दिवसातून दोनदा, बास. एक दिवस तो दारात आला आणि चिंगीने त्याच्याकडे बघून मान वळवून माझ्याकडे पाहिलं, ‘आला बघ तो, दे आता.’ त्यानंतर अंतर कमी करायचं, वीतवीत. भांडं सगळ्यात शेवटी. आम्हाला सात महिने लागले, आणि आजही जेवण दाराआडच आहे. ते मी बदललं नाही, बदलायची गरजही वाटली नाही.

त्या पोराकडेही बघा. सगळे गुरगुरणाऱ्याला सुधारायला जातात आणि तोंडात तोंड घालणारा मोकळा सुटतो. हाक मारली की वळून येणं आणि आपल्या जागेवर जाऊन बसणं, एवढं ढब्बूला पक्कं आल्यावर चिंगीचं ओझं फार हलकं झालं.

आणि खात असताना भांड्यात हात घालून ‘सवय लावणं’ बंद करा. २०१८ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्रे पाळणाऱ्यांच्या पाहणीत हेच बघितलं होतं: खाताना भांडं काढून घेणाऱ्यांच्या घरी माणसांवर गुरगुरण्याचा त्रास जास्त होता, आणि खाताना भांड्यात काहीतरी चविष्ट टाकणाऱ्यांच्या घरी कमी. ही पाहणी आहे, त्यामुळे कशामुळे काय झालं ते त्यातून सिद्ध होत नाही, हे दादाने आधीच ऐकवलंय.

राहिलेल्या सूचना, ज्या खरं तर वर हव्या होत्या. मी ट्रेनर नाही. तुमची कुत्री हे अलीकडेच करायला लागली असेल तर आधी व्हेट: दात, कान, सांधे. रक्त निघालं असेल, दोघांच्या आकारात फार फरक असेल किंवा घरात रांगतं मूल असेल तर हे वाचून प्रयोग करू नका, वर्तनाचं काम करणारा व्हेट गाठा. जाळीचं मुसकं उपयोगी असतं, पण आधी कित्येक दिवस त्यात खाऊ देऊन सवय करावी लागते, आणि मुसकं घालून दोघांना एकटं सोडायचं नसतं. आणि काही जोड्या एका घरात नांदत नाहीत. त्यातल्या एकाला चांगलं घर शोधून देणं म्हणजे हरणं असं मी मानत नाही, जरी मी स्वतः ते केलं नसतं.

चिंगी आता अकरा वर्षांची आहे, ढब्बू सहा. हे लिहिताना ती खुर्चीखाली आहे आणि तो दोन हातांवर पसरलाय. मघाशी तो कूस बदलताना जरा सरकला तर ती हलकेच गुरगुरली. तो उठून पलीकडे जाऊन पडला. मी काही बोललो नाही.

दादा, तू हे वाचणार, वहिनी तुला दाखवेलच. मागच्या खोलीचं दार उघडं राहिलं ती माझी चूक, सोफ्याखालचं हाडही माझंच. ते मी तेव्हाही मान्य केलं होतं. पण फ्रिजवर गुंडाळी तू ठेवली होतीस, आणि त्या दाढेबद्दल तू अजून एक शब्द काढलेला नाहीस.