जुन्या लष्करी निस्सान वन-टनमध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल भरल्याने ताकद वाढते का?

आपण विचारले आहे की, लिलावात घेतलेला लष्करी निस्सान वन-टन ट्रक शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढताना धापा टाकतो, तर त्यात १०० ऑक्टेनचे महाग पेट्रोल भरावे का. भुसावळ-जळगाव भागात अशा जुन्या पेट्रोल गाड्या दुरुस्त करणारा म्हणून माझे स्पष्ट मत आहे की भरू नये.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे. सिलिंडरमधले मिश्रण दाबले आणि तापले असताना ते अवेळी भडकू नये, म्हणजेच नॉकिंग होऊ नये, यासाठी पेट्रोल किती टिकाव धरते याचा तो आकडा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचे कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा) ६.४८ होते आणि त्या काळच्या अमेरिकी लष्करी गाड्या ८० ऑक्टेनच्या पेट्रोलवर धावत. आपल्या वन-टनचे ३,९५६ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन जोंगा या लष्करी जीपमध्येही बसवलेले असे, आणि तेही कमी कॉम्प्रेशनच्याच पिढीतले आहे. पंपावरचे साधे पेट्रोल त्याला पुरून उरते. जुन्या अमेरिकी पुस्तिकांतले आकडे मात्र आपल्या पंपावरच्या आकड्याशी थेट ताडून पाहू नयेत, कारण आपला आकडा ‘रॉन’ या चाचणीचा आहे, आणि ‘मॉन’ या दुसऱ्या, अधिक कडक चाचणीत ९१ रॉनच्या पेट्रोलचा आकडा ८१ च्या आसपास असतो.

मग ताकद जाते कुठे? बहुतेक वेळा टायमिंगमध्ये, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याच्या वेळेत. डेल्कोची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढून पाहावी. आतली प्लेट हलली नाही तर डायाफ्राम (आतला पातळ पडदा) फाटलेला आहे. नंतर डेल्कोतल्या पॉइंटची गॅप लावावी, डेल्को किंचित ॲडव्हान्सकडे (ठिणगी लवकर पडेल असा) फिरवून गाडी चढावर टॉप गिअरमध्ये ओढावी, आणि टकटक सुरू झाली की थोडे मागे घ्यावे. पेट्रोलच्या ऑक्टेनचा जो काही फायदा या इंजिनला मिळायचा तो एवढ्यातच मिळतो. टायमिंग न बदलता ऑक्टेन वाढवला तर इंजिनाला त्याचा पत्ताही लागत नाही. टायमिंग बरोबर असूनही साध्या पेट्रोलवर नॉकिंग होत असेल, तर हेड उघडून साचलेला कार्बन काढावा आणि रेडिएटर तपासावा.

खरी अडचण ऑक्टेनची नाही, इथेनॉलची आहे. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असतो, परंतु लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते आणि जळायला त्याला हवा कमी लागते. नव्या गाडीचा संगणक हे सांभाळून घेतो. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) तेच राहते, त्यामुळे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. भार टाकून चालवलेल्या गाडीचा प्लग काढून पाहावा. तो तपकिरी असेल तर ठीक. पांढुरका पडला असेल तर मेन जेट एक नंबर मोठे घालावे. माझ्या अनुभवात चढावरचा पिकअप यानेच परत येतो. जुने रबरी पाइप आणि एसी पंपाचा (पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा) डायाफ्राम इथेनॉलने फुगतात, म्हणून ते इथेनॉलला टिकणारे बसवावेत.

आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ ला असताना, गाडी घाटात अचानक बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप सुरू होत असेल, तर तो बहुधा व्हेपर लॉक आहे, म्हणजे उष्णतेने पाइपातल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब घ्यावा आणि मध्ये पत्र्याचा आडोसा करावा. त्यावरही ऑक्टेनचा उपाय नाही.

शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० सालापासून बंद आहे. जुन्या व्हॉल्व्ह सीटना (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्यांना) शिशाचा आधार असे आणि तो १०० ऑक्टेनच्या पेट्रोलने भरून निघत नाही. टॅपेटची गॅप (व्हॉल्व्हची मोकळीक) वारंवार कमी होत असेल तर सीट झिजत आहेत असे समजून हेडचे काम करताना कडक सीट बसवून घ्याव्यात.

आपल्या मित्राच्या शक्तिमान ट्रकला यातले काहीच लागू नाही. तो डिझेलवर चालतो, आणि डिझेलच्या बाबतीत ऑक्टेन नव्हे, सीटेन (डिझेल किती सहज पेट घेते याचा आकडा) पाहतात.