पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर ट्रकचे ब्रेक का निकामी होतात?

बहुतेकदा डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केल्यामुळे. साताऱ्याकडून पुण्याला येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. न्यूट्रलमध्ये वेग रोखणारी इंजिनाची ओढ मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. चाकातले ब्रेक ड्रम तापतात, त्यांवर घासणारे लायनर जळल्याचा उग्र वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. इंजिनच बंद केलं तर हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, एअर ब्रेकच्या टाकीत हवा भरत नाही. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री कितीतरी गाड्या ठोकरणारा ट्रक इंजिन बंद करूनच उतरत होता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. माल जादा असेल तर आणखीच वाईट. कळकळीने सांगतो, बोगद्यातून बाहेर पडतानाच खालचा गिअर टाका.