वाक्याचं शेवटचं अक्षर

प्रिय बेटा,

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. आवाज गोड आहे, समज चांगली आहे आणि घाई नाही. तू विचारलंस की नाटक आणि आवाजाचं काम, दोन्ही आयुष्यभर करता येतं का. येतं. नीलम प्रभू, म्हणजे पुढच्या करुणा देव, आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेतल्या मीनावहिनी म्हणून घराघरांत पोहोचल्या होत्या. चेहरा न दिसताही माणसं एखाद्या बाईला वर्षानुवर्षं आपल्या घरातली मानतात, ते या कामामुळे. पण त्यासाठी गळा तितकी वर्षं टिकायला हवा, आणि तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये मला काळजी वाटली ती तिथेच.

तू वाक्याची सुरुवात जोरात करतेस आणि शेवट गिळतेस. सगळे नवे नट हेच करतात, म्हणून मन लावून वाच. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटी येतो. ‘त्या वर्षी नदीला पाणी नव्हतं’ या वाक्याचा सगळा जीव ‘नव्हतं’मध्ये आहे. तुझा श्वास ‘पाणी’पाशी संपला तर पंधराव्या रांगेतल्या माणसाला ‘नदीला पाणी’ एवढंच ऐकू येतं, आणि पुढचा अख्खा प्रवेश त्याच्या डोक्यात उलटा बसतो. शेवट ऐकू गेला नाही की दिग्दर्शक ओरडतो, ‘आवाज वाढव!’ मग तू सुरुवात आणखी मोठी करतेस, श्वास आणखी लवकर संपतो, आणि शेवटचे शब्द गळा आवळून बाहेर काढावे लागतात. गळा बसतो तो या आवळण्याने. म्हणजे उच्चाराची चूक आणि गळ्याचं दुखणं ही एकाच मुळाची दोन फळं आहेत.

यावर काम असं कर. संहितेवर पेन्सिलने खुणा कर: जिथे श्वास घ्यायचा तिथे दोन उभ्या रेघा, जिथे नुसतं थांबायचं तिथे एक, आणि वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली आडवी रेघ. मग प्रत्येक वाक्य शेवटाकडून बांध. आधी फक्त ‘नव्हतं’ म्हण, मग ‘पाणी नव्हतं’, मग ‘नदीला पाणी नव्हतं’, मग पूर्ण वाक्य. चार पायऱ्यांत श्वास किती राखून ठेवायचा ते शरीराला कळतं. रोज दहा वाक्यं पुरेत. पंधरा दिवसांत फरक दिसेल, आणि तो तुला कळायच्या आधी समोरच्या नटाला कळेल, कारण त्याला क्यू, म्हणजे स्वतःचं वाक्य सुरू करायची खूण, नीट मिळायला लागेल.

श्वासासाठी उताणी झोप, पोटावर जाडसर पुस्तक ठेव. श्वास घेताना पुस्तक वर यायला हवं, खांदे नाही. मग ‘स्स्स’ असा बारीक, एकसारखा आवाज काढत श्वास सोड आणि घड्याळ बघ. सुरुवातीला बारा-पंधरा सेकंद होतील, सरावाने वीस-पंचवीसपर्यंत जातील. त्यापुढे ओढाताण करू नकोस. आवाज शेवटपर्यंत एकसारखा राहतो का, हे सेकंदांपेक्षा महत्त्वाचं.

गळा तापवायला मला सगळ्यात भरवशाची वाटते ती साधी स्ट्रॉ. अर्धा पेला पाणी घे, स्ट्रॉचं टोक दोन बोटं पाण्यात बुडव आणि तिच्यातून ‘ऊ’ असा आवाज सोड. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. आवाज खालून वर, वरून खाली हळूहळू फिरव. पाच मिनिटं पुरे. पाण्यामुळे तोंडात जो उलटा दाब तयार होतो, तो स्वरतंतूंना एकमेकांवर आपटू देत नाही. बाईचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांना भिडतात. दोन तासांच्या प्रयोगात हा आकडा किती होतो ते मांडून बघ, म्हणजे पाच मिनिटं वाया गेल्यासारखी वाटणार नाहीत. प्रयोगानंतरही मेकअप पुसता पुसता तीच स्ट्रॉ दोन मिनिटं कर. धावून आलेल्या घोड्याला एकदम बांधत नाहीत.

आता आपल्या मुलखाचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, हवा कोरडी, आणि कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या बाजूला तालमीची जागा असेल तर धूळ वेगळीच. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना थेट लागत नाही, ते अन्ननलिकेतून जातं आणि रक्तावाटे सगळीकडे पोहोचायला वेळ घेतं. म्हणून तिसऱ्या घंटेच्या आधी घटाघटा पाणी पिण्यात अर्थ नाही. सकाळपासून थोडं थोडं पी. थेट पोहोचते ती वाफ. साध्या पाण्याची, पाच-सात मिनिटं, त्यात बाम किंवा मेंथॉल न घालता. रात्रीच्या गाडीने मुंबईला डबिंगला जाशील तेव्हा एसी डब्यात नाकातोंडावर ओला करून पिळलेला रुमाल ठेव. सुमारे ४२० किलोमीटरचा प्रवास आणि उतरल्या उतरल्या माइक, हे टाळता आलं तर टाळ. आदल्या दिवशी पोहोच.

आणि भरीत. प्रयोग संपला की रात्री एक वाजता अख्खं पथक भरीत-पुरी, शेवभाजी, ठेच्यावर बसतं आणि दोन वाजता झोपतं. तो आनंद तुझ्याकडून काढून घ्यावासा वाटत नाही, पण तेलकट-तिखट खाऊन लगेच आडवं झालं की पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं. छातीत जळजळ होतेच असं नाही. सकाळी आवाज जड असणं, सारखं खाकरावंसं वाटणं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं, ही त्याची लक्षणं. सलग प्रयोग असतील तेव्हा मुख्य जेवण दुपारी कर, प्रयोगानंतर वरणभात किंवा खिचडी घे, आणि झोपण्यापूर्वी अडीच-तीन तास जाऊ दे. ते जमत नसेल तर उशाखाली नाही, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेव.

घरगुती उपायांबद्दल सावध राहा. लवंग घसा बधिर करते. दुखणं कळेनासं होतं आणि तू दुखऱ्या गळ्यावर आणखी जोर देतेस. बधिर करणाऱ्या गोळ्यांचंही तेच. ज्येष्ठमधाचा छोटा तुकडा चालेल, पण महिनोन्महिने रोज चघळलं तर रक्तदाब वाढतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्या घसा कोरडा करतात. ॲस्पिरिनने रक्त पातळ होतं, आणि किंचाळण्याचा प्रवेश असेल त्या दिवशी स्वरतंतूत रक्तस्राव व्हायची भीती असते, म्हणून डॉक्टरांना ‘मी आवाजावर काम करते’ हे पहिल्या वाक्यात सांग. आवाज बसल्यावर कुजबुजत बोलू नकोस, बऱ्याच जणांचा गळा त्यानेही ताणला जातो. गप्प राहा, नाहीतर हळू पण खऱ्या आवाजात बोल. तीन आठवड्यांहून जास्त घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्यायचेच. गाठी असल्या तरी घाबरायचं कारण नाही. लवकर कळलं तर विश्रांती आणि वाचा-उपचार यांनी बऱ्याचदा त्या शस्त्रक्रियेविना विरतात. उशीर केला तर मात्र अवघड होतं.

राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींत मुलींचे गळे बसतात ते शेवटच्या आठवड्यात. दिवसाला दोन-दोन सलग तालमी, आणि दोन्ही पूर्ण आवाजात. दिग्दर्शकाशी आधीच बोल: एक तालीम पूर्ण आवाजात, दुसरी हालचाली आणि क्यूंसाठी अर्ध्या आवाजात. रंगीत तालमीनंतर प्रयोगापर्यंत निदान एक रात्र आणि एक सकाळ गप्प जायला हवी. धुळ्याच्या शाहू महाराज नाट्यमंदिरासारख्या बंद सभागृहात भिंत तुझा आवाज थोडा परत देते, त्यामुळे आपण पोहोचतोय हे कळतं. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात तसं नाही. आवाज जातो तो जातोच, म्हणून नट घाबरून ओरडतो. तिथे जोर स्वरांवर नको, व्यंजनांवर दे, गती थोडी कमी कर, आणि प्रयोगापूर्वी कुणालातरी शेवटच्या रांगेत बसवून तुझी सगळ्यात हळू म्हणायची तीन वाक्यं ऐकवून घे.

माइकपुढे हीच सगळी शिस्त उलटी करावी लागते. रंगमंचावर शब्द पोचवायचा असतो, माइकपुढे विचार. माइकपासून एक वीत अंतर ठेव आणि तोंड त्याच्या थेट समोर न आणता थोडं तिरकं धर, म्हणजे प, फ, भ यांची फुंकर माइकच्या आतल्या पडद्यावर आदळणार नाही. बांगड्या, पैंजण, करकरीत साडी नको. रिकाम्या पोटाचा गुरगुराट माइक बरोबर पकडतो, म्हणून थोडं खाऊन जा, पण दूध आणि पेढा नको, तोंड चिकट होऊन प्रत्येक शब्दाआधी ‘टच्’ येतं. हिरव्या सफरचंदाची फोड त्यावर चांगली. घरी रेकॉर्ड करणार असशील तर लहान खोली, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीशी, समोर दोरीवर दोन जाड गोधड्या. पंखा, कूलर, फ्रीज बंद. खोलीत एक टाळी वाजव, मागे झणकार उरला तर आणखी एक गोधडी टांग. रेकॉर्डिंगची सेटिंग अशी ठेव: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. आवाजाची सगळ्यात उंच टोकं उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस.

डबिंगमध्ये ओठ बघायला शीक. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. पडद्यावरच्या नटीचे ओठ वाक्याच्या शेवटी मिटले आणि तू ‘जाऊ नकोस’ म्हणालीस, तर प्रेक्षकाला काय खटकलं ते सांगता येणार नाही, पण खटकेल. तिथे अर्थ जुळत असेल तर ‘थांब’ सुचव. चांगला डबिंग दिग्दर्शक अशी सूचना ऐकतो. किंकाळ्या, हुंदके, मारामारीतले आवाज दिवसाच्या शेवटी घ्यायला सांग. सकाळी एक किंकाळी दिली की उरलेले संवाद गेले. ऑडिओबुकला सुरुवातीच्या काळात तासाभराच्या तयार आवाजामागे तीन तास धर, आणि दर पन्नास मिनिटांनी दहा मिनिटं तोंड बंद.

उच्चारांबद्दल लोक तुला सांगतील की खान्देशी वळण पुसून टाक. पुसू नकोस, वेगळं ठेव. आपल्याकडे ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘जळगाव’चं ‘जयगाव’, ‘पाणी’चं ‘पानी’. हे चुकून यायला नको आणि हवं तेव्हा अस्सल यायला हवं. प्रमाण मराठीसाठी ळ आणि ण रोज घोक, आणि च-ज-झ यांची दोन रूपं कानात बसव: ‘चमचा’ आणि ‘चमचे’, ‘माझा’ आणि ‘माझी’, थोडं या अर्थाचं ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचं ‘जरा’. बोलीतली भूमिका आली की आधी विचार, बाई कुठली? यावल-रावेरकडची लेवा गणबोली वेगळी, शिंदखेडा-साक्रीकडची अहिराणी वेगळी. शहरातला दिग्दर्शक दोन्हींना ‘ग्रामीण’ म्हणून मोकळा होतो. तू होऊ नकोस. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, झोक्यावरची गाणी, कानबाई देवीच्या रात्रीची गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या आहेत तोवर त्यांच्यापाशी बस, त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड कर, गावाचं नाव आणि तारीख लिहून ठेव. कुठल्याही कार्यशाळेत हे मिळणार नाही.

आकाशवाणी नाटकाच्या आवाजांची चाचणी घेते आणि श्रेणी देते: बी, बी हाय, ए आणि टॉप. जळगाव केंद्रावर चौकशी करत राहा. पैशाचं थोडक्यात: बहुतेक ठिकाणी दहा टक्के टीडीएस कापतात, म्हणून उत्पन्न कमी असलं तरी विवरणपत्र भर, पैसे परत मिळतात. करारात आवाज कुठे, किती वर्षं वापरणार ते लिहून घे. तुझ्या आवाजावरून यंत्राने नवा आवाज तयार करायची परवानगी त्याच सहीत गुंडाळलेली असेल तर ते कलम खोडायला सांग. कार्यक्रमपत्रिका, प्रमाणपत्रं, कात्रणं, मानधनाच्या पावत्या पहिल्या प्रयोगापासून एका फाइलीत ठेव. पन्नाशीनंतर सरकारी कलावंत मानधनासाठी अर्ज करताना हेच कागद पुरावा म्हणून लागतात, आणि आयुष्य रंगमंचावर घालवलेल्या कितीतरी बायकांकडे ते नसतात.

वयाचंही आत्ताच ऐकून ठेव. पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस स्वरतंतू थोडे सुजतात, वरचे सूर जड जातात. त्या दिवसांत ओरडायचं काम घेऊ नकोस. रजोनिवृत्तीनंतर बाईचा आवाज खाली उतरतो. त्या वेळी जुना बारीक आवाज ओढून आणायला गेलं की गळा मोडतो. उतरलेल्या आवाजात आई, आजी, निवेदिका, कथावाचक असं खूप काम आहे. हा बदल हळूहळू होतो आणि रोज ऐकणाऱ्याला कळत नाही, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला एकच ठरलेलं पान, त्याच खोलीत, त्याच अंतरावरून रेकॉर्ड कर आणि फाइलला तारखेचं नाव दे. काही बिघडत असेल तर डॉक्टरांच्याही आधी ते पान सांगेल.

पहिलं पान या एक तारखेला मला पाठव. शेवटच्या शब्दांखाली रेघा मारलेला कागद पुढ्यात ठेवून वाच, आणि या खेपेला पंखा बंद कर. मागच्या रेकॉर्डिंगमध्ये तो तुझ्याइतकाच ऐकू येत होता.

तुझ्या बाई