एल-1ए च्या ऑर्ग चार्टवर नसलेली माणसं: कंपनी म्हणते 'आठ सांगा', तर काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही हिंजवडीत मॉड्युल लीड आहात आणि तुमच्या हाताखाली अधिकृतपणे कोणीच नाही. एल-1ए, म्हणजे कंपनीच्याच अमेरिकेतल्या ऑफिसात मॅनेजर म्हणून पाठवायचा व्हिसा, त्याच्या अर्जाच्या पॅकेटमधल्या ऑर्ग चार्टवर (कोण कोणाला रिपोर्ट करतं त्या तक्त्यावर) मात्र तुमच्याखाली आठ जण दाखवलेत, आणि कंपनीची मोबिलिटी टीम (परदेशी पाठवायचं काम बघणारे) म्हणते, "सगळे असंच करतात, ऑफिसरने विचारलं तर आठ सांगा." वरच्या प्रतिसादांत दोघातिघांनी "बिनधास्त जा, माझं झालं" असा सल्लाही दिलाय. त्यांचं झालं असेलच. पण व्हिसाचा शिक्का बसला म्हणजे प्रकरण मिटलं, असं या कामात होत नाही.

मी वकील नाही. एका सर्व्हिस कंपनीत बरीच वर्षं ऑनसाइटला माणसं पाठवायचं काम केलं, तेव्हा अशी पॅकेटं भरपूर हाताळली. त्यावरून सांगतो.

आधी कंपनीला हा मोह का होतो ते बघा. एल-1 ला एच-1बी (अमेरिकेत नोकरीचा नेहमीचा व्हिसा) सारखी लॉटरी नाही, प्रचलित वेतनाची, म्हणजे त्या कामाचा तिथला चालू पगार देण्याची, अट नाही. एल-1बी वर (विशेष ज्ञान असलेल्या कर्मचाऱ्याचा व्हिसा) जास्तीत जास्त 5 वर्षं मिळतात, एल-1ए वर 7. शिवाय मॅनेजर म्हणून गेलेल्याला पुढे ईबी-1सी या मॅनेजरांसाठीच्या वर्गातून, लेबर सर्टिफिकेशनशिवाय (त्या कामाला अमेरिकन माणूस मिळत नाही हा दाखला न लागता), ग्रीन कार्डची वाट धरता येते. ग्रीन कार्डच्या ईबी-2 या दुसऱ्या वर्गाच्या रांगेत भारतीयांना किती थांबावं लागतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. त्यात सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-1बी अर्जांवर एक लाख डॉलर लावणारी घोषणा झाली. एल-1 तिच्यात येत नाही, म्हणजे ओढा आणखी वाढणार. कालपर्यंत ज्याला 'लीड' म्हणत होते, तो व्हिसाच्या हंगामात अचानक 'मॅनेजर' होतो तो यामुळे.

आता जबाबदारी कोणाची? कंपनीचं पत्र कंपनीच्या सहीचं, हे खरं. पण डीएस-160, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, तुमच्या नावाचा आहे आणि त्यातली माहिती खरी असल्याची शपथ तुम्ही घेता. ब्लँकेट एल (कंपनीला आधीच मिळालेली सरसकट मंजुरी) असेल तर आय-129एस हा फॉर्म आणि सपोर्ट लेटर तुम्ही स्वतःच्या हाताने वकिलातीत घेऊन जाता, त्यामुळे 'मला काय लिहिलंय ते माहीत नव्हतं' हे सांगायला जागा उरत नाही. कंपनीने तुमच्या नकळत काही खोटं लिहिलं तर तो तुमचा हेतुपुरस्सर खोटेपणा ठरत नाही. तुम्हाला मात्र माहीत आहे, तुम्ही तो चार्ट वाचलाय. खिडकीशी उभं राहून "आठ" म्हणालात की ते विधान तुमचं.

याची शिक्षा लोकांना वाटते तशी 'व्हिसा रिजेक्ट, पुढच्या वर्षी परत' अशी नसते. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 212(ए)(6)(सी)(आय) लागलं तर प्रवेशबंदी कायमची. तिला पाच किंवा दहा वर्षांची मुदत नाही. पुढे पर्यटक म्हणून जायचं म्हटलं तरी आधी वेव्हर (बंदीतून सूट) मागावा लागतो, आणि तो मिळेलच असं नाही. बरं, हे त्याच दिवशी लागेल असंही नाही. ग्रीन कार्डच्या वेळी जुना एल-1ए चा कागद, ईबी-1सी चं पत्र आणि तुमची प्रत्यक्ष नोकरी शेजारी शेजारी ठेवून पाहिली जाते. 'माझं झालं' म्हणणाऱ्यांपैकी किती जण त्या टप्प्यापर्यंत पोचलेत, हे त्यांना एकदा विचारा.

कंपनीचं काय होतं? 2013 मध्ये बी-1 (बिझनेस भेटीच्या) व्हिसाच्या वापरावरून इन्फोसिसने अमेरिकन सरकारशी 3 कोटी 40 लाख डॉलरची तडजोड केली. व्हिसा फसवणुकीचा आरोप कंपनीने मान्य केला नाही, आय-9 (कर्मचाऱ्याला कामाचा हक्क आहे हे तपासल्याचा फॉर्म) च्या कागदपत्रांतल्या चुका तेवढ्या कबूल केल्या. त्या प्रकरणात सरकारचा एक आरोप असा होता की निमंत्रणपत्रात काम वाटेल असे शब्द टाळा, अशा सूचना कर्मचाऱ्यांना दिल्या जात होत्या. रक्कम भरली आणि धंदा चालू राहिला. तुमच्या-माझ्यासारख्याला तडजोड करून नाव साफ करून घ्यायची अशी सोय नाही. माझ्या मते सगळा हिशोब इथेच आहे.

तरीही एक गोष्ट आधी तपासा, कारण कदाचित तुम्हाला खोटं बोलायची गरजच नसेल. एल-1ए मधला 'मॅनेजर' म्हणजे एचआर सिस्टिममधलं पद नव्हे. हाताखाली माणसं नसतानाही एखादं महत्त्वाचं कार्य वरच्या पातळीवर सांभाळणारा 'फंक्शनल मॅनेजर' कायद्याला चालतो. आणि पहिल्या पायरीचा सुपरवायझर एरवी मॅनेजर धरला जात नसला, तरी त्याच्या हाताखालचे लोक पदवीची गरज असलेलं व्यावसायिक काम करणारे असतील तर तो धरता येतो. म्हणून स्वतःला विचारा: त्या आठ जणांची रजा कोण मंजूर करतं? अप्रेझलमध्ये रेटिंग कोण देतं? कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, यात तुमचं मत चालतं का? हे खरंच तुम्ही करत असाल आणि सिस्टिममध्ये फक्त दुसऱ्याचं नाव असेल, तर ते जसं आहे तसं पत्रात लिहून घेता येतं. वकील त्याला भारदस्त इंग्रजी चढवतील, त्यात वावगं काही नाही. पण ती आठ माणसं शेजारच्या लीडची असतील तर ते खोटं आहे, भाषा कितीही वकिली असो.

पकडलं कसं जातं, असंही तुम्ही विचारलंय. भारतातले ब्लँकेट एल अर्ज 2011 च्या शेवटी चेन्नईत एकवटले, तेव्हापासून तिथल्या ऑफिसरांनी आपल्या कंपन्यांची पॅकेटं ढिगाने वाचली आहेत. एकाच कंपनीचे लोक लागोपाठ येतात आणि तेच 'ज्युनियर' दोन वेगवेगळ्या मॅनेजरांच्या चार्टवर सापडतात. प्रश्न साधे असतात: हाताखालच्या तिघांची नावं सांगा, मागचं अप्रेझल कोणाचं केलंत, पगार किती. डीएस-160 मध्ये सोशल मीडियाची खाती विचारली जातात, आणि लिंक्डइनवर तुम्ही स्वतःच 'इंडिव्हिज्युअल कॉन्ट्रिब्युटर' (हाताखाली कोणी नसलेला) लिहून ठेवलेलं असतं. तिकडे गेल्यावर कामाच्या जागी तपासणी होऊ शकते ती वेगळीच. एल-1 च्या शुल्कांमध्ये 500 डॉलरची 'फ्रॉड प्रिव्हेन्शन' फी असते ना, ती याच कामासाठी. म्हणजे आपल्याला पकडणाऱ्याच्या पगाराला हातभारही आपल्याच पॅकेटमधून.

चार्टइतकंच दुसरंही एक पान बघा, कामाच्या जागेचं. पत्रात कंपनीचं न्यू जर्सीतलं ऑफिस, आणि प्रत्यक्षात बसायचं शार्लट शहरातल्या क्लायंटच्या बँकेत, हा प्रकार मला चार्टपेक्षा जास्त वेळा दिसलाय. एल-1बी साठी 2004 च्या सुधारणा कायद्याने, जो जून 2005 पासून लागू झाला, क्लायंटच्या जागेवर मुख्यतः क्लायंटच्याच देखरेखीखाली काम करणाऱ्याला भाड्याने दिल्यासारखं पाठवायला बंदी आहे. त्यामुळे "मग एल-1बी करा" असं सुचवणाऱ्यांनी हेही बघावं. शिवाय एल-1बी ला कंपनीचं स्वतःचं उत्पादन, टूल किंवा पद्धत यांचं विशेष ज्ञान लागतं. जावा येतं म्हणून एल-1बी मिळत नाही.

तुम्ही करायचं ते एवढंच. मोबिलिटी टीमला फोन करू नका, मेल लिहा. शांत भाषेत: "ऑर्ग चार्टवरची ही नावं मला रिपोर्ट करत नाहीत, ती अमुक यांना करतात. माझं प्रत्यक्ष काम खालीलप्रमाणे आहे. पत्र दुरुस्त करून द्यावं." सीसीमध्ये पिटिशन करणारे वकील ठेवा. ते मुख्यतः कंपनीचे असले तरी खोटं आहे असं लेखी कळल्यावर कागद पुढे सरकवणं त्यांना अवघड जातं. माझ्या पाहण्यात अशा मेलनंतर पत्र बहुतेक वेळा गुपचूप बदलून येतं, कारण तो मेल फाइलमध्ये राहणं कोणालाच नको असतं. पोचपावती कंपनीच्या नियमांत बसेल अशा रीतीने स्वतःजवळही ठेवा.

पत्र बदललं नाही तर चेन्नईला जाऊ नका. 'प्रोजेक्ट जाईल', 'बेंचवर (प्रोजेक्टविना) बसाल' असं ऐकवतील, आणि कदाचित बसवतीलही. बेंचवर असताना दुसरी नोकरी शोधता येते.

आणि समजा गेलात आणि घाबरून तोंडून "आठ" निघालंच, तर ऑफिसरने कोंडीत पकडायच्या आत, तिथल्या तिथे, स्वतःहून दुरुस्त करा: "माफ करा, मला कोणी रिपोर्ट करत नाही." वेळेत मागे घेतलेल्या विधानाला कायद्यात सवलत आहे, पकडल्यावर दिलेल्या कबुलीला नाही. व्हिसा त्या दिवशी जाईल. कलम लागलं नाही, तर पुढचा अर्ज तरी करता येईल.

मेलला काय उत्तर आलं ते इथे लिहा, कंपनीचं आणि कोणाचंही नाव न घालता.