फुलं गळतात, शेंगाच धरत नाहीत

प्रश्न : आम्ही पुण्यात टेरेसवर कुंड्यांमध्ये स्नॅप पी (सालासकट खायचा मटार) लावलाय, फेब्रुवारीत बी टाकलं, वेल मस्त वाढले पण फुलं येऊन गळून जातायत. शेणखत भरपूर घातलंय, तरी असं का होतंय?

उत्तर : ताई, खताचं नंतर बघू, आधी तारीख चुकलीय. मटार हे थंडीचं पीक, दुपारचं ऊन तिशीच्या वर गेलं की फुलं टिकतच नाहीत आणि पुण्यात मार्च म्हणजे तेच. हे वेल आता काढा, वाईट वाटेल पण काढाच, मुळं मात्र मातीतच राहू द्या, त्यांच्या गाठींतला नत्र पुढच्या पिकाला मिळतो. पुन्हा बी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात लावा, रात्रभर भिजवून, बोटाच्या एका पेराएवढं खोल, थेट मोठ्या कुंडीतच, कारण रोप उपटून दुसरीकडे लावलेलं याला आवडत नाही. खत बेतानं, नत्र जास्त झाला की नुसता पाला वाढतो. वेल पाच-सहा फूट जातो त्यामुळे जाळी पहिल्याच दिवशी बांधा, वेलाचे तणावे, म्हणजे आधार पकडणारे धागे, बारीक असतात, जाड बांबू त्यांना धरता येत नाही, सुतळी बरोबर धरतात. पानांवर पांढरी पावडर दिसली तर तो भुरी रोग, पाणी मुळाशी द्या आणि ती पानं तोडून टाका.

शेंग चपटी असताना तोडू नका हं, दाणे भरून ती गोल, टम्म झाली की तोडा, देठाकडून शीर ओढून काढा आणि सालासकट कच्चीच खा.