दुधाची पिशवी कशापासून बनते आणि ती मातीत कुजत का नाही?
ही पिशवी पॉलिथिनची. खनिज तेलातला नाफ्था किंवा नैसर्गिक वायूतलं इथेन ८०० अंशांच्या आसपास तापवून इथिलीन वायू मिळवतात. त्याचे हजारो रेणू जोडले की लांबच लांब साखळी होते, तेच पॉलिथिन. (१९३३ साली इंग्लंडमध्ये ते चक्क अपघाताने सापडलं!) या साखळीतले कार्बनचे बंध तोडणं मातीतल्या जिवाणूंना जवळपास जमतच नाही. उन्हाने पिशवीचा भुगा होतो, पण तो माती-पाण्यात उरतोच.

एक कळकळीची विनंती: पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका. तो चिमुकला तुकडा कचरा वेचणाऱ्यांच्या हाती लागत नाही, थेट गटारात जातो. नुसती चीर पाडा, तुकडा पिशवीलाच राहू द्या. धुऊन, वाळवून साठवलेल्या पिशव्या भंगारवाले घेतात, त्या वितळवून पुन्हा वापरता येतात.