शाळा वर्षभरात काय शिकवणार, हे पालकांना सांगणे बंधनकारक आहे का?

तुमचा मुलगा खाजगी अनुदानित शाळेत आठवीत आहे आणि कोणत्या महिन्यात कोणता पाठ होणार असे विचारल्यावर "ते शाळेचे अंतर्गत काम आहे" असे उत्तर मिळाले, असे तुम्ही लिहिले आहे. मी बरीच वर्षे माध्यमिक शाळेत शिकवले आहे; मला हे उत्तर पटत नाही.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणे हे त्यांपैकी एक. पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांना मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, प्रगती आणि इतर संबंधित माहिती देणे हे दुसरे. वार्षिक नियोजन पालकांच्या हाती द्यावे, असे शब्द त्या कलमात नाहीत. परंतु अभ्यासक्रम वेळेत चालला आहे की नाही हे पालकाला पडताळायचे असेल, तर तो केव्हा कुठवर व्हायचा होता हे त्याला आधी ठाऊक असायलाच हवे.

म्हणून मोघम 'माहिती' मागू नका, कागदाचे नाव घेऊन मागा. विषयशिक्षक वर्षारंभी वार्षिक नियोजन आणि घटक नियोजन करतात. त्यात महिना, घटक, तासिका असे रकाने आखलेले असतात आणि खाली मुख्याध्यापकांची सही असते. त्याची फक्त छायाप्रत काढायची आहे. (शिक्षकांवर तक्ते भरण्याचा भार आधीच एवढा आहे, की पालकांसाठी आणखी एक वेगळा तक्ता करायला लावणे मला अन्यायाचे वाटते.)

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे करा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात; त्यांच्यापैकी कोणी सभेत विषय काढला, तर बहुधा अर्जाचीही गरज पडत नाही. तरीही नकार मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहेच, कारण शासनाच्या भरीव अनुदानावर चालणाऱ्या संस्था त्याच्या कक्षेत येतात. १० रुपये शुल्क भरून केलेल्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

नियोजन हाती आल्यावर मात्र प्रत्येक आठवड्याचा हिशेब मागत बसू नका. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि पावसाच्या सुट्ट्या यांमुळे थोडे मागेपुढे होतेच. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी प्रथम सत्राचे घटक बरेच उरलेले दिसले, तर ते कोणत्या जादा तासिकांत होणार, हे लेखी विचारा.